फितीची मागची बाजू

मुंबई, १२ नोव्हेंबर १९३५

श्री. दिनानाथ यांस,

कंपनीच्या वतीनं कळवायचं ते आधी कळवते. तुमच्या दोन पदांचं ध्वनिमुद्रण डिसेंबरच्या मध्याला ठरलं आहे. त्याआधी एक दिवस आवाजाची चाचणी होईल. आमच्याकडे तीन जातींचे मायक्रोफोन आहेत. तुमच्या आवाजाला कुठला, क्लॅरिनेटला कुठला आणि तबल्याला कुठला, ते त्या दिवशी नक्की करू. पदांचे शब्द मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहून तुमच्यासमोर धरले जातील. चाचणीला येताना तोंडात पान नसावं.

इथवर कंपनीचं झालं. आता माझं.

फळा धरणारी बाई मी आहे. सगुणा, लग्नात धवले गाणाऱ्या धवलारीण कृष्णाबाईची मुलगी. तुम्ही विसरला असाल, किंवा विसरल्याचं सोंग सात वर्षांत अंगात मुरलं असेल, म्हणून पुन्हा सांगते. याआधीची माझी पत्रं तुम्ही न फोडता परत केलीत. हे कंपनीच्या पाकिटात आहे, तेव्हा फोडाल.

सात वर्षांपूर्वी आपण गेलो त्या खोलीत मायक्रोफोन नव्हता. भिंतीतून भोंगा बाहेर आलेला असे आणि त्याच्यात तोंड घालून ओरडावं लागे. कुठल्याशा कंपनीला कोकणातली लग्नगीतं हवी होती. नाटक कंपनीत मागं उभं राहून सूर धरणारा एक आमच्या बोलीतला पोरगा त्यांना सापडला. तुम्ही तेव्हा काळूराम होतात, मिठागरावरच्या बुधाजींचे. तुम्ही गावी येऊन माझ्या आईला, मला आणि मागं गायला मनुबाईला बोटीनं मुंबईला आणलंत.

आईचा आवाज भोंग्यात जाईना. तिनं आयुष्यात भिंतीकडं बघून धवला गायला नव्हता. समोर नवरा-नवरी बसल्याशिवाय तिच्या तोंडून शब्द फुटेना. यंत्रावरचा साहेब घड्याळ काढून बघायला लागला. तेव्हा तुम्ही मला हाताला धरून चटईवर बसवलंत, स्वतः शेजारी बसलात आणि म्हणालात, "गा आवशी, बसलो आमी. काय बिघडतंय?"

आईचे डोळे मिटलेले असायचे गाताना. मनुबाईच्या पिशवीत हळद होती, ती कुठं जाताना बरोबर घ्यायचीच. आईचा हात सवयीनं हळदीत गेला, तुमच्या कपाळाला लागला, माझ्या कपाळाला लागला. आवाज कोरायचं मेण संपलं, साहेबानं सुई उचलली, हात हलवले, थांबा थांबा म्हणाला. पण धवला सुरू झाला की पुरा करावा लागतो. अर्धा ठेवला तर नवरा-नवरीपैकी एकाचं वाईट होतं. आई शेवटच्या कडव्यापर्यंत गायली. तुम्ही हसत होतात, पण उठला नाहीत. कारण उठायचं नसतं, हे तुम्हांलाही ठाऊक होतं.

ती तबकडी कधी निघाली नाही. भोंग्यात काही पोचलंच नव्हतं म्हणे. लग्न मात्र पुरं लागलं होतं. आईच्या ते रेवसच्या बोटीत ध्यानात आलं. ती डोक्याला हात लावून बसली.

आमच्या गावात लग्न भट लावत नाही, धवला लावतो. नवरी बसली होती, नवरा बसला होता, हळद लागली होती, धवला पुरा झाला होता आणि मनुबाईनं डोळ्यांनी बघितलं होतं. याच्यापुढं कोण काय बोलणार? बुधाजीबाबा आमच्या दारात आले आणि म्हणाले, "सून हाय माझी. पोरगा येईल." पोरगा आला नाही. पुढल्या वर्षी त्याचं नाव दिनानाथ झालं आणि वर्तमानपत्रात आलं की तो तंजावरच्या दरबारी गवयाचा मुलगा आहे.

माझं एक वेळ सोडा. ज्या धवलारीणीनं स्वतःच्या पोरीचं असं लग्न लावलं, तिला आपल्या मांडवात कोण बोलावील? आईला पुन्हा कुणी बोलावलं नाही. ती तीन वर्षं चुलीपुढं पुटपुटत गायची आणि मग गेली.

मला तुमच्याकडून घर नको, मंगळसूत्र नको. रेवसच्या एका होडीवर अंबाजी म्हणून तांडेल आहे. त्याला माझ्याशी पाट लावायचा आहे, माझं दुसरं लग्न म्हणून, आणि मलाही ते हवं आहे. त्याच्या आधी काडीमोड झाली पाहिजे. पंच म्हणतात, नवऱ्यानं सोडल्याचं आम्ही आमच्या कानांनी ऐकू, मग काडी मोडू. अलिबागच्या वकिलानं लग्नच झालं नाही असं सांगितलं, पण वकील काही आमच्या गावात राहत नाही.

एक सकाळ द्या. भाऊच्या धक्क्यावरून बोट धरा, पंचांपुढं दोन शब्द बोला, दुपारच्या बोटीनं परत या. कुणाला कळणार नाही.

सगुणा

मुंबई, २७ नोव्हेंबर १९३५

श्री. दिनानाथ यांस,

तुमचं उत्तर मिळालं, म्हणजे मला नाही, आमच्या शेठना. तुमच्या मॅनेजरनं लिहिलं आहे की फळा धरणारी बाई डोक्यानं जरा कमी आहे, गायकांना भलतीसलती पत्रं लिहिते, तिला काढावं.

शेठनी ते पत्र आमच्या यंत्रावरच्या इक्बालभाईंना दाखवलं. इक्बालभाई मुरूडचे. जास्त बोलत नाहीत. ते म्हणाले, "हिचे कान काढून दुसऱ्या कुणाला बसवता येत असतील तर हिला काढा, माझी ना नाही." शेठ हसले आणि पत्र खिशात घातलं.

मी इथं लागले ती शब्द लिहायला. अलिबागच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले ते कामी आलं. मग गवई येण्याआधी मायक्रोफोन कुठं ठेवायचा हे बघायला इक्बालभाई मला त्याच्यापुढं उभं करून गायला लावू लागले. पुढं मला काचेमागं बसवून ऐकायला लावलं. आता शेठ गायकाचं नाव सांगतात आणि मी मायक्रोफोन सांगते. इक्बालभाई बहुधा तोच लावतात.

तुमच्या माहितीसाठी तिन्हींचं सांगून ठेवते.

पहिला कोळशाचा. डबीत कोळशाची बारीक पूड असते. ती बसली की टिचकी मारावी लागते. मागं सारखा कढईत काही तळल्यासारखा आवाज येतो, पण फार दयाळू आहे. बारीकसारीक त्याला ऐकूच येत नाही. सनई, क्लॅरिनेट, मोठ्या घशाचे नाटकवाले आणि घसा गेलेले नाटकवाले, सगळे त्याला चालतात.

दुसरा कंडेन्सर. त्याच्याकडं दयामाया नाही. तबल्याच्या शाईवर बोट घासलं तरी ऐकतो. सतारीची तार त्याच्यापुढं धुतल्यासारखी स्वच्छ येते. माणसाच्या गळ्यात जे काही असेल ते सगळं तो बाहेर काढून ठेवतो.

तिसरा नवा आहे, फितीचा. लोहचुंबकाच्या दोन दांड्यांमध्ये पातळ धातूची फीत लोंबत ठेवलेली असते. त्याच्यावर फुंकर मारली तर फीत फाटते, म्हणून इक्बालभाई त्याला झोळीतल्या पोरासारखं जपतात. सारंगी त्याच्यावर फार गोड येते. त्याच्या जवळ जाऊन गायलं की आवाज भरदार होतो, छातीतून आल्यासारखा. नाटकातल्या लोकांना तो आवडतो.

गेल्या वर्षभरात तुमची तीन नाटकं मी मागल्या बाकावरून ऐकली. वरच्या सुराला जाताना तुम्ही हल्ली आधी मान वळवता, म्हणजे फाटलेला सूर पडद्याकडं जातो आणि लोकांना कळत नाही. समोरच्या दोन दातांत फट पडली आहे, त्यातून शीळ येते. मध्ये श्वास चोरायला तुम्ही हार्मोनियमवाल्याला खूण करता, तो जोरात भाता ओढतो. दहाव्या रांगेपलीकडं यातलं काही माझ्याशिवाय कुणाला ऐकू जात नाही. कंडेन्सर मात्र पहिल्या रांगेच्याही पुढं बसून ऐकतो.

तुमची तबकडी गावोगाव जाईल. नाटक संपलं की संपतं, तबकडी तशी संपत नाही. आणि तुमच्यासाठी कुठला मायक्रोफोन ते मी सांगणार आहे.

मी ही नोकरी धरली तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं की गाणारा माणूस आज ना उद्या या खोलीत येईल. तुम्ही येताय. तेव्हा चाचणीच्या आधी रेवसला जाऊन या. अंबाजी बंदरावर असतो. तो तुम्हांला एक शब्द वाकडा बोलणार नाही, मी त्याला तसं बजावलं आहे. नाही गेलात तर कंडेन्सर.

सगुणा

मुंबई, १२ डिसेंबर १९३५

काळूराम,

काल तू माझ्याशी तुझ्या खऱ्या बोलीत बोललास, म्हणून आज खऱ्या नावानं लिहिते.

तू आलास तेव्हा तीन माणसं तुझ्या मागं होती. सोन्याची साखळी, अत्तर. मला पाहिलंस आणि ओळख दाखवली नाहीस. शेठना म्हणालास, "कंडेन्सर मला चालत नाही. मागं एकदा कुणीतरी लावला होता, फार कोरडा वाटला." म्हणजे माझं पत्र तू नीट वाचलं होतंस. शेठनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "यांना फितीचा लावावा." इक्बालभाईंच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी तो आणून उभा केला. तुला वाटलं, बाई घाबरली. तुझ्या चेहऱ्यावर मी ते वाचलं.

भोंग्यावर शिकलेल्या सगळ्याच लोकांची एक समजूत असते. भोंग्याला तोंड एकच. तू त्याच्या समोर असलास तर ऐकू जातं, मागं भिंत. कोळशाचंही तसंच आहे. तुम्ही लोक मायक्रोफोनलाही तोंड एकच समजता. फितीला दोन आहेत. ती पुढचं जेवढं ऐकते तेवढंच मागचं ऐकते, फक्त बाजूंना बहिरी आहे. म्हणून आम्ही गाणाऱ्याला पुढं आणि सारंगीवाल्याला मागं बसवतो, दोघं सारखे येतात. हे एवढंच मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं.

आणि फळा धरणारी बाई फितीच्या मागं उभी असते, गाणाऱ्याच्या तोंडासमोर.

साजिंदे चहाला गेले. तू घसा मोकळा करायला एकटा थांबलास. काचेमागं इक्बालभाई होते. मी त्यांना सकाळीच सांगून ठेवलं होतं की फळा छातीवरून कपाळाशी नेला की मेणावर सुई टाका. ते आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, "एक मेण देतो सगुणा. दुसरं मागू नकोस, आणि त्यात काय आलं ते मला विचारू नकोस." तू खोलीतल्या लाल दिव्याकडं बघितलंस, तो लागलेला नव्हता. चाचणीच्या मेणाला आम्ही दिवा लावत नाही.

मी फळा कपाळाशी नेला आणि विचारलं, "काळूराम, रेवसला येशील का? काडी मोड आणि जा."

तू आधी शुद्ध बोललास. म्हणालास, ते लग्न नव्हतं, मुद्रणाची सोय होती. मी म्हणाले, आईनं धवला पुरा केला होता. मी म्हणाले, आई तुझ्या पायी मेली. तेव्हा तुझा आवाज चढला आणि तंजावर गळून पडलं. त्या पुढचं मला पाठ आहे, तुलाही असू दे.

"व्हय, बसलो व्हतो तुझ्या शेजारी. हळद लागली. धवला झाला. मंग? सोडली मी तुला. दहादा सोडली. झाला तुझा?"

मला हवं ते तिथंच मिळालं होतं. फळा खाली घेतला असता तर इक्बालभाईंनी सुई उचलली असती. पण मी विचारलं, "आणि बुधाजीबाबा? ते अजून बोटीच्या वेळेला बंदरावर येऊन बसतात. त्यांना काय सांगू?"

"कोन बुधाजी? माजा बाप तंजावरला मेला. त्या मिठागरावरच्या म्हाताऱ्याला सांग, तुला पोरगा न्हाय. व्हता तो मेला."

मग साजिंदे आले आणि तू गायलास. चांगला गायलास.

मेण चाचणीच्या इतर मेणांबरोबर कारखान्यात गेलं आहे. त्याच्या नमुन्याच्या दोन तबकड्या येतील. तू शेठना सांगू शकतोस. पण तक्रार करायची तर काय ऐकलं गेलं तेही सांगावं लागेल.

रेवसची बोट अजून रोज सुटते. तबकडी माझ्या हातात येईपर्यंत तू स्वतः जाऊन बोलू शकतोस, आणि मग ती वाजवायची मला गरज पडणार नाही. नुसतं "सोडली" एवढंच बोल. दुसरं, बापाचं, ते बोलू नको. तो माणूस तुझी वाट बघतो आहे.

सगुणा

रेवस, १९ जानेवारी १९३६

श्री. दिनानाथ यांस,

तुम्ही आला नाहीत. आता पुन्हा तुम्ही म्हणते, कारण तुम्ही मला परके झालात.

कळवण्यासारखं एवढं आहे. इक्बालभाईंनी त्यांचा पेटीचा ग्रामोफोन दिला. अंबाजीनं तो धक्क्यापासून डोक्यावर आणला, कुणाला हात लावू दिला नाही. देवळाच्या ओट्यावर पंच बसले होते. मनुबाई होती, आता तिला नीट दिसत नाही. बुधाजीबाबा पंचांत बसले नव्हते, खाली पायरीवर बसले होते. मुलाचं काम होतं म्हणून.

पंचांतले एक म्हणाले, "यंत्राचं काय खरं? कोनी पन बोलल." मनुबाई म्हणाली, "लाव तर खरं. त्याच्या रडण्यापासून वळखते मी त्याला."

मी चावी दिली आणि सुई ठेवली. आधी माझा आवाज आला. मग तुमचा शुद्ध, तेव्हा पंच एकमेकांकडं बघायला लागले, हा कोण म्हणून. मग तुम्ही चिडलात. "व्हय, बसलो व्हतो," असं आलं आणि मनुबाई म्हणाली, "ह्यो काळू." बुधाजीबाबा उठून ग्रामोफोनच्या जवळ आले. जणू पेटीमागं कुणी असावं तसं त्यांनी वाकून पाहिलं.

"दहादा सोडली" एवढं झाल्यावर मोठे पंच म्हणाले, ऐकलं, बस झालं. मी सुईला हात घातला. बुधाजीबाबांनी माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे, पोरी. पोराचा आवाज हाय. किती वर्सांनी ऐकतो."

पुढं काय आहे ते मला माहीत होतं. मी सांगू शकले असते की पुढं काही नाही, तबकडी खराब आहे. या माणसानं मला सून म्हटलं होतं, माझ्या आईच्या मयताला खांदा दिला होता. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मग आईच्या चुलीकडचं पुटपुटणं आठवलं. मी हात मागं घेतला. तुम्ही बोललात, तुमच्याच बापानं ऐकावं, मी मध्ये कोण?

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "पुन्हा लाव." मी पुन्हा लावली. दुसऱ्यांदा ते बसले नाहीत, हात जोडून उभे राहून ऐकत होते.

काडीला दोन माणसं लागतात. तुमच्या जागी कोण, असं पंचांनी विचारलं. बुधाजीबाबा म्हणाले, "मी हाय." एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. गवताची काडी, तिला मोडायला काय लागतं? पण त्यांनी आपलं टोक सैल धरलं होतं, आणि मला माझ्या बाजूनं घट्ट धरावी लागली.

तिथून ते तडक खाडीवर गेले. भरती होती. अंगावरच्या कपड्यांसकट उतरले, तुमच्या नावानं आंघोळ केली आणि ओल्या कपड्यांनी घरी गेले. मिठागर आता तुमच्या धाकट्या चुलत्याच्या मुलाच्या, सदाच्या नावे होणार आहे. बोटीच्या वेळेला ते आता बंदरावर येत नाहीत.

माझा पाट येत्या आठवड्यात आहे. धवला पाटाला नसतो, पण मनुबाई म्हणते मी गाणार, कोण मला अडवतं बघू.

तुमच्या दोन पदांच्या मुद्रणाला मी शेठना फितीचाच मायक्रोफोन सांगितला होता. कंडेन्सर लावायला सांगितला नाही. तुमची तबकडी चांगली निघावी, पुष्कळ खपावी, अलिबागच्या बाजारात आणि रेवसच्या चहाच्या दुकानात वाजावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. तिथले लोक तिच्यावरचं तुमचं छापील नाव वाचणार नाहीत. ते म्हणतील, बुधाजीचा मेलेला पोरगा गातोय.

त्या चाचणीच्या नमुन्याची दुसरी तबकडी मी बुधाजीबाबांना द्यायला गेले होते. त्यांनी दारातूनच परत केली. "मेलेल्याचा आवाज घरात ठेवत न्हाय," म्हणाले. म्हणून ती तुमच्याकडं पाठवत आहे, तागाच्या कापडात गुंडाळून, फुटणार नाही.

ऐकाल तेव्हा तुमचं बोलणं संपलं म्हणून लगेच सुई उचलू नका. शेवटी थोडी जागा रिकामी आहे. तिथं कान दिलात तर फितीच्या मागच्या बाजूनं मी श्वास सोडलेला ऐकू येतो. कोळशाच्यात तो आला नसता.

सगुणा